खुनी व्हायला कुणी तयार नव्हतं

नाटकात मला पहिलं काम मिळालं ते प्रेताचं. ते माझ्या अंगच्या गुणांमुळे मिळालं नाही, बाबांच्या अटींमुळे मिळालं. त्या सगळ्या अटी पाळणारी बाई जिवंत असणं शक्यच नव्हतं.

स्वातंत्र्याला पाचसहा वर्षं झाली होती. आम्ही ठाण्याला टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर राहत होतो. बाबा कोर्टात शिरस्तेदार होते. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, म्हणजे लोक मला बघायला येत आणि बघून जात. आमच्या भागात एक हौशी नाट्यमंडळ होतं. दर दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या हॉलमध्ये ते एक नाटक करी, प्रयोग एकच. त्या वर्षी मंडळानं दोन धाडसी ठराव केले. पहिला, राजेमहाराजे पुरे झाले, आता खुनाचं रहस्यनाटक करायचं. दुसरा, बायकांची कामं यापुढे बायकांनीच करायची. पुण्यामुंबईत पुरुषांनी नाटकात लुगडी नेसणं कधीच मागे पडलं होतं, आणि ठाणं का मागे राहणार?

नाटक लिहिलं होतं मंडळाच्या चिटणीसांनी. ते विम्याचे एजंट होते. त्यांच्या नाटकात एका श्रीमंत घरातली सून नरकचतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नान उरकून फराळाला बसते, विष घातलेली करंजी खाते आणि मरते. तिचा अर्थातच विमा उतरवलेला असतो. दुसऱ्या अंकात विम्याचे फायदे समजावून सांगणारं एक भलं मोठं भाषण होतं. ते काढून टाका म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. चिटणीस म्हणाले, "ते काढलं तर नाटकात उरतं काय? नुसता खून!"

या चिटणीसांनी गणपती झाल्यावर एका सकाळी आमच्याकडे येऊन बाबांना विचारलं, "शिरस्तेदारसाहेब, तुमच्या मुलीला एक काम द्यावं म्हणतो."

"काम म्हणजे?"

"नाटकात. छोटंसंच आहे."

बाबांनी चष्मा काढला. चष्मा काढला की घरातले सगळे गप्प होत. "परक्या पुरुषाशी बोलणं आहे?"

"पहिल्या प्रवेशात थोडं आहे."

"ते नको. कुणी हात लावणार?"

"नाही नाही. मेल्यावर उचलून नेतात, तेवढंच."

"तेही नको. आणि सून कुणाची? बँकेतला तो डोंबिवलीचा मुलगा नवरा होणार ना? माझी मुलगी लग्नाआधी कुणाची बायको होणार नाही. नाटकातही नाही."

चिटणीसांनी तिथल्या तिथे मला त्या मुलाच्या बायकोऐवजी बहीण केलं, माझी वाक्यं काढली आणि पडदा वर जायच्या आधीच मला मारून टाकलं. विमा तेवढा ठेवला. बाबा म्हणाले, "मग हरकत नाही. तालमीला मी बरोबर येईन."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सणासुदीचं लग्नाच्या मुलीला मढं करताय? शोभतं का?" पण चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला होता, म्हणजे निकाल लागला होता. आईनं अपील केलं नाही, उपाय काढला. तालमीहून आलं की दारातच थांबायचं, मीठमोहऱ्या ओवाळून घ्यायच्या आणि थेट न्हाणीघरात जायचं. मयताला जाऊन आलेल्यांनी अंघोळ करायची, हे शास्त्र सगळ्यांना ठाऊक आहे. मयतानं स्वतः घरी परत आल्यावर काय करायचं, ते शास्त्रात नव्हतं. ते आमच्या आईनं घालून दिलं.

तालमी रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात होत. दोन बाकं जोडून त्यांवर मला निजवत आणि अंगावर चादर घालत. बाबा खिडकीशी बसून पेपर वाचत. पहिल्या रविवारी त्यांनी पेपर सोडून कशाकडे पाहिलं नाही. दुसऱ्या रविवारी पेपराआडून आवाज आला, "पंचनामा न करता फौजदारानं प्रेत हलवलं?"

सगळे थांबले. चिटणीस म्हणाले, "नाटक आहे हो ते."

"नाटक असलं म्हणून काय झालं? प्रेक्षकांत कोर्टातली माणसं असतील. हसतील."

मग पंचनामा आला, आणि प्रेत हलेना. मूळच्या योजनेत पहिल्या अंकाचा पडदा पडला की प्रेत नेलं असं धरून मी सुटणार होते. आता मी तीन अंक तिथेच पडून राहणार होते. पुढच्या रविवारी बाबांनी पेपर आणलाच नाही. त्यांनी साक्षीदारांचा क्रम बदलला, जप्तीतल्या करंज्यांची यादी करायला लावली आणि विम्याच्या भाषणात कायद्याच्या दोन चुका काढल्या. चिटणीस पाठीमागे म्हणाले, "मुलगी मागितली होती, बाप गळ्यात पडला." हे त्यांनी प्रेताच्या उशाशी उभं राहून म्हटलं. प्रेताला कान असतात हे त्या मंडळात कुणाच्याच लक्षात राहत नसे.

अशात फौजदाराचं काम करणाऱ्या गृहस्थांची नाशिकला बदली झाली. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी, आपल्याला हे पसंत नाही असा चेहरा जितका वेळ ठेवणं सभ्यपणाचं होतं तितका वेळ ठेवला आणि होकार दिला. दुसऱ्या दिवसापासून दाढी करता करता ते आरशासमोर बोलू लागले. एकदा त्यांनी आईलाच दरडावून विचारलं, "त्या दिवशी सकाळी पाच ते सात तुम्ही कुठे होता?"

आई म्हणाली, "तुमचं न्हाणीतलं पाणी तापवत होते. अजून काही विचारायचंय?"

आता स्वयंपाक्याबद्दल सांगायला हवं. नाटकातला स्वयंपाकी म्हणजे एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे चाळिशीचे काका. बारा वर्षं मंडळाच्या सगळ्या नायिका त्यांनीच केल्या होत्या. माझी आई आणि तिच्या मैत्रिणी अंबाड्याची नवी तऱ्हा त्यांच्याकडे बघून उचलत, असं आईच सांगे. नव्या ठरावामुळे त्यांची गादी गेली, आणि ती मिळाली मला, म्हणजे एका चादरीखालच्या मुलीला. त्यांनी राग धरला असता तरी मी समजू शकले असते. पण पहिल्याच तालमीत ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बाळ, पोटानं श्वास घेऊ नकोस, पोट हलतं. पाठीनं घे. मी सात वेळा मेलोय, दोनदा तर विहिरीत."

पाठीनं श्वास कसा घ्यायचा ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण येतो खरा.

त्यांचं काम म्हणजे तिन्ही अंक माझ्या उशाशी उभं राहायचं, आणि फौजदारानं विचारलं की "मला काही ठाऊक नाही, साहेब" म्हणायचं. एवढंच. पण त्यांना सगळं नाटक पाठ होतं. डोळे मिटून पडले की मला ऐकू यायचं: ज्याचं वाक्य असेल त्याच्याबरोबर काका ते ओठांत म्हणत असत. शेवटच्या अंकातला खुन्याचा कबुलीजबाब आला की त्यांचा श्वास बदलायचा. तो जबाब समोर कुणीतरी शाळकरी पोरानं कविता म्हणावी तसा म्हणत असे, आणि माझ्या डोक्याशी एक माणूस तोच जबाब खरोखर देत असे. माझ्या अंगावर काटा यायचा. काका पुटपुटायचे, "हलू नको, बाळ."

खुनी मूळचा होता बँकेतला तरुण. बायकोचा खून करायला त्याची ना नव्हती. पण बायकोच्या जागी बहीण आल्यावर तो बिथरला. खरी अडचण निराळीच होती. त्याचं लग्न कल्याणच्या एका घरी जमत आलं होतं आणि मुलीचे वडील प्रयोगाला येणार होते. "त्यांच्यापुढे मी विमा मिळावा म्हणून बहिणीला मारू? कोण मुलगी देईल मला?" असं म्हणून त्यानं खून नाकारला.

म्हणून खून नाटकातल्या मामांकडे गेला. मामा म्हणजे कळव्याचे डॉक्टर, रविवारी सायकलवरून खाडी ओलांडून यायचे. त्यांनी एक तालीम खून केला आणि दुसऱ्या तालमीला म्हणाले, "विषाचा खून आहे हो. उद्यापासून माझ्या हातची बाटली कोण घेईल?"

खून कारभाऱ्याकडे गेला. कारभारी गणिताचे मास्तर होते. ते म्हणाले, "सुट्टीनंतर मला वर्गावर जायचंय. पोरं फळ्यावर करंजी काढून ठेवतील." त्यांची पोरं काय करू शकतात हे त्यांना इतरांपेक्षा जास्त माहीत असणार.

अशी ती सज्जन माणसं होती. खून करायची हौस सगळ्यांना होती, खुनी म्हणवून घ्यायची कुणाला नव्हती. मी चादरीखाली पडल्या पडल्या ऐकत होते आणि मला वाटत होतं, माझं मरण कुणालाच नको आहे.

तेव्हा काका म्हणाले, "मी करू का?"

चिटणीस अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तसं नाही हो. पण तुम्ही खून केलात तर लोक हसतील. तुमच्या हाताला अजून पदर आहे."

ते खोटं नव्हतं. काका घाबरले किंवा भारावले की त्यांचा उजवा हात आपोआप खांद्याकडे जायचा, पदर सावरायला. बारा वर्षांची सवय होती. त्या वेळीही हात अर्ध्यापर्यंत गेला असावा, कारण डॉक्टर खोकले. काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. तीनच टाकल्या. निघाली बँकवाल्याची. तो रडवेला झाला, पण कबूल झाला.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी दुपारी प्रयोग झाला. हॉलच्या खिडक्यांना जाजमं बांधून अंधार केला होता. माहेरवाशिणी आल्या होत्या, त्यांचे नवरे आले होते, फराळाचे डबे आले होते. पहिल्या रांगेत काळी टोपी घातलेले एक करडे गृहस्थ हातातली काठी दोन्ही गुडघ्यांत उभी धरून बसले होते. ते कल्याणचे, मुलीचे वडील. आई चौथ्या रांगेत होती. "तू पडलेली मला बघवणार नाही," असं तिनं सांगितलं होतं आणि सगळ्यांच्या आधी येऊन जागा धरली होती.

दोन अंक बरे झाले. विम्याच्या भाषणात लोक डबे उघडून बसले. बाबांच्या उलटतपासणीला मात्र चिडीचूप शांतता होती. माझा डावा पाय बधिर झाला होता आणि हातात दिलेल्या करंजीवर मुंग्या आल्या होत्या. मी पाठीनं श्वास घेत होते.

तिसऱ्या अंकात बाबांनी पुरावे मांडले आणि टाचेवर वळून बँकवाल्याकडे बोट केलं. "खुनी तुम्ही आहात!"

यावर त्यानं कोसळून "होय! मीच!" म्हणायचं होतं. मी ऐकत होते. काहीच आलं नाही. मग तो अगदी घरच्या भाषेत म्हणाला, "मी कसा असेन? मी त्या दिवशी डोंबिवलीला मावशीकडे गेलेलो."

नाटकातलं गाव काल्पनिक होतं. डोंबिवली त्यात नव्हती.

पण कोर्टात तीस वर्षं काढलेला माणूस उलटलेल्या साक्षीदाराला घाबरत नाही. "मावशींना हजर करता?"

"मावशी आजारी आहे."

"मग मामा, तुमचं काय?"

डॉक्टर घाईनं म्हणाले, "मी दवाखान्यात होतो." मागून एका कळवेकरानं आवाज दिला, "होते! मी सुई टोचून घेतली त्यांच्याकडून!" लोक हसले. मास्तरांनी, विचारायच्या आधीच, आपण पेपर तपासत होतो असं सांगून टाकलं.

आणि मग बाबांनी जे केलं ते फक्त बाबाच करू शकत होते. त्यांनी कागद मिटले, घसा साफ केला आणि म्हणाले, "सबळ पुराव्याअभावी सर्व संशयितांना सोडून देण्यात येत आहे."

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग ओरडा. "अहो, खून कुणी केला?" "तीन तास बसलोय आम्ही!" "खुनी दाखवा!" कुणी पाय आपटत होतं. विंगेत चिटणीस कपाळ बडवत होते, तेही मला ऐकू येत होतं. आणि या सगळ्या गोंगाटात माझ्या उशाशी, नेहमीच्या ठिकाणी, काका कबुलीजबाब पुटपुटत होते. नाटक मोडलं होतं, म्हणायचं वाक्य कुणाचंच उरलं नव्हतं, तरी ते आपले म्हणतच होते.

मी का उठले ते मला नक्की सांगता येत नाही. पाय बधिर झाला होता म्हणून, असं मी घरी सांगितलं. मी चादर बाजूला करून उठून बसले. एक बाई किंचाळली. बहुधा आईच.

"बाबा," मी म्हणाले. फौजदारसाहेब म्हणायला हवं होतं, ते तोंडात आलंच नाही. "बाबा, मला या स्वयंपाक्यांनी मारलं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

बाबांचं तोंड उघडं राहिलं. पण जीभ सवयीनं चालली. "मृत्यूपूर्वीची जबानी ग्राह्य धरतात," ते म्हणाले. "मृत्यूनंतरची नाही."

"मग मी अजून मेलेली नाही असं लिहून घ्या!"

त्यानंतर किती वेळ लोक हसत होते कोण जाणे. पुढच्या रांगेतली पोरं जमिनीवर लोळत होती. त्या हशातच काका दोन पावलं पुढे आले. ते काही ओरडले नाहीत. हसणारे आपोआप थांबले, आधी पुढचे, मग मागचे.

"होय," काका म्हणाले. "मीच." आणि त्यांनी जबाब दिला. तो चिटणीसांनी लिहिलेला नव्हता, कारण त्यात विमा नव्हता. ते म्हणाले, "बारा वर्षं या घराला मी वाढलं. कुणाला काय आवडतं, सगळं मला पाठ. तू जेवलास का, हे कुणी विचारलं नाही. एक दिवस सांगितलं, उद्यापासून तू नको, दुसरी माणसं येणार आहेत. बरोबर आहे. माणसं यायचीच. पण साहेब, हे हात मी कुठे ठेवू?" बोलता बोलता त्यांचा उजवा हात खांद्याकडे गेला. मी बघत होते, कारण मेलेलं राहायचं मी विसरले होते. हात खांद्यापर्यंत गेला, तिथेच थांबला. कुणी हसलं नाही.

मग ते वळले, माझ्या डोक्यावर तळवा ठेवून मला हलकेच मागे निजवलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "आता मर, बाळ."

मी मेले. टाळ्यांच्या आवाजात पडदा पडला, अर्धा अडकला, आणि मग बाकीचा पडला.

घरी जाताना बाबा फौजदाराची खोटी मिशी न काढता चालत होते. ओळखीचे लोक "काय, फौजदारसाहेब!" म्हणत होते आणि बाबा गंभीरपणे मान हलवत होते. ते मला रागावतील म्हणून मी वाट पाहिली. टेंभी नाक्याशी आल्यावर ते म्हणाले, "जबानी घेताना पंच हवे होते. तेवढं राहिलं."

बँकवाल्याचं लग्न मोडलं. कल्याणच्या गृहस्थांनी निरोप पाठवला, मुलानं खून केला असता तर हरकत नव्हती, नाटकच होतं ते. पण मुलाला मावशी नाही, हे त्यांनी चौकशी करताना आधीच माहीत करून घेतलं होतं. भर सभेत इतकं सहज खोटं बोलणाऱ्याला मुलगी द्यायची नव्हती त्यांना. डॉक्टरांचा दवाखाना वाढला. सुई टोचून घेतलेला तो कळवेकर त्यांचा फुकट प्रचारक झाला. मास्तरांना वर्गात 'पेपरवाले' हे नाव पडलं, आणि ते निवृत्त होईपर्यंत टिकलं.

काकांनी मिशी राखली. छापखान्यात त्यांना भेटायला माणसं यायची आणि "खुनी आहेत का?" असं विचारायची. ते शाईचे हात पुसत बाहेर यायचे. मी एकदाच तिथे गेले होते, घरच्या बारशाच्या पत्रिका छापायला टाकायला. तेव्हा ते म्हणाले, "बाळ, तू उठलीस तेव्हा मी घाबरलो होतो गं. वाटलं, आता ही पोर माझंच नाव घेणार. आणि घेतलंस."

पुढच्या वर्षी मंडळानं कौटुंबिक नाटक घेतलं. बाबा आता अध्यक्ष होते, त्यामुळे अटी घालायला कुणी उरलं नव्हतं आणि मला चार वाक्यं मिळाली. नाटकात माझ्या आत्याचं मोठं काम होतं. ते ओळखीच्या एक बाई करणार होत्या. प्रयोगाला आठ दिवस असताना त्यांच्या सासऱ्यांनी नाही म्हटलं. चिटणीस छापखान्यात गेले. काय बोलणं झालं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी काका तालमीला आले ते मिशी काढून.

मी माझी चार वाक्यं म्हटली. ती इतकी वाईट म्हटली की आईसुद्धा काही बोलली नाही. आत्यानं मात्र एक अख्खा अंक तोलला. लोक रडले. प्रयोग संपल्यावर रंग पुसत असताना डोंबिवलीहून आलेल्या एक पाहुण्या बाई मला शोधत आत आल्या. त्यांना मंडळाची काही माहिती नव्हती. त्यांनी विचारलं, "त्या आत्या झालेल्या बाई कुठल्या हो? कुणाकडच्या?"

काका शेजारीच आरशासमोर बसून अंबाडा सोडवत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"आमच्यातल्याच आहेत," मी म्हणाले.

"फार छान काम करतात. त्यांना सांगा हं."

"सांगते," मी म्हणाले.